झाकणभर पाण्याचा बाप्तिस्मा

आमच्या जिन्यावर तिला सगळे 'बंब' म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कोणाची छाती नाही. तोंडावर 'ताई', आणि पाठ वळली की बंब. हे नाव ठेवलं कोणी असं विचारलंत तर मी खिडकीबाहेर बघेन. पण बसलंय अगदी फिट्ट. सरकारी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत एकवीस वर्षं काढलेली बाई ती. सकाळी घरातून निघते तेव्हाच काय ती गार असते, संध्याकाळी जिना चढते ती वाफ सोडतच.

लॉन्ड्री इस्पितळाच्या तळघरात आहे. धुवायचे तीन ड्रम, एक पिळायचं यंत्र आणि चादरी गुळगुळीत करणारा एक लांबलचक गरम रोलर. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, रोलरच्या तोंडात भरवायची आणि पलीकडून निघाली की घडी घालायची. बंबच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या तीन रेघा आहेत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "एक घाईची, एक पेंगेची आणि तिसरी सुपरवायझरशी भांडताना. तिसरीचं दुःख नाही."

लग्न केलं नाही. का, ते विचारायचं धाडसही मीच केलं. "दिवसाला चारशे घड्या घालते," ती म्हणाली, "घरी येऊन आणखी कोणाच्या सदऱ्यांच्या घालू?"

तिच्या घरात चौघं. ती, तिचे वडील अण्णा, धाकटा भाऊ आणि भावजय. आता बाळ धरून साडेचार. त्यांची बैठकीची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि ती पातळ आहे. मी कान लावत नाही, कान आपोआप लागतो.

अण्णा वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले इन्स्पेक्टर. दुकानादुकानांतून तराजू तपासून शिक्के मारण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. शिक्का नसलेल्या वजनाला ते वजन मानत नाहीत आणि शिक्का नसलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घेत नाहीत. त्यांची लूथरन ख्रिस्ती मंडळी आमच्या गल्लीच्या टोकाला. छोटंसं चर्च आहे, पुढे चार पायऱ्या आणि आत बाकांच्या दोन लांब रांगा. अण्णा तिथले पंच, आणि मंडळीची नोंदवही त्यांच्याच ताब्यात. कोण जन्मलं, कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोण गेलं, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. मी त्या मंडळीतली नाही. केक असेल तेव्हा मात्र शेवटच्या बाकावर हजर असते.

भावजयीचे दिवस भरायला दोन महिने होते तेव्हाच बाळ आलं. मुलगी. वजन सव्वा किलो. काचेच्या पेटीत ठेवलेली ती पोर पाहून वॉर्डातल्या सिस्टरांनी तिचं नाव 'शेंग' ठेवलं, आणि खरंच, सोलायच्या आधीच कोणी तोडून आणावी तशीच दिसत होती ती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले होते. भाऊ औषध आणायला खाली गेलेला. भावजय ऑपरेशननंतर दुसऱ्या मजल्यावर गुंगीत. आणि बंब धुतलेल्या चादरींची ढकलगाडी घेऊन नेमकी त्या वॉर्डाच्या दाराशी आलेली. तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. बंबला ती रोज बघते, म्हणून सरळच बोलली.

"ताई, शेंग श्वास सोडून देतेय मधेमधे. डॉक्टरांना बोलावलंय. तुमच्यात काही करायचं असतं ना, ते करायचं असेल तर आत्ता."

त्यांच्या मंडळीला तेव्हा पाळकच, म्हणजे चर्चचे धर्मगुरूच, नव्हते. जुने निवृत्त झालेले, नवे यायचे होते. बोलवायचं कोणाला? बंबने ढकलगाडी भिंतीला लावली, एप्रन काढला, कोपरापर्यंत हात धुतले आणि उकळून गार केलेलं पाणी मागितलं. सिस्टरने ते औषध मोजायच्या झाकणात दिलं. मला आत सोडलं नाही. मी काचेबाहेर डबा छातीशी धरून उभी. बंबने पेटीच्या गोल भोकातून हात आत घातला. तीन वेळा पाणी घातलं. तिचे ओठ हलताना मला दिसले. मग डॉक्टर आले आणि त्यांनी तिला बाजूला सारलं.

शेंग राहिली. कशी राहिली ते डॉक्टर सांगतील, मी नाही सांगणार. बंबने एप्रन चढवला आणि ढकलगाडी घेऊन पुढच्या वॉर्डात गेली. तिथे चादरी खोळंबल्या होत्या.

जिन्यात तिला भाऊ भेटला. "मी तिचा बाप्तिस्मा केलाय," ती म्हणाली. भाऊ रडत होता. "बरं केलंस," म्हणाला. घरी जाऊन त्याने अण्णांना सांगितलं, "ताईने पाणी लावून प्रार्थना केली." हा आमचा भाऊ चष्म्याच्या दुकानात काम करतो. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून दिवसभर काचा बदलतो, पण त्याला स्वतःला एक गोष्ट स्पष्ट सांगता येत नाही. सगळं पुढचं रामायण त्याच्या या एका वाक्यातून झालं.

चार महिन्यांनी शेंग गुटगुटीत झाली. अण्णा दर शनिवारी तिला घरच्या शिक्क्याच्या तराजूत तोलत आणि आकडा कॅलेंडरवर लिहीत. साडेचार किलो झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता बाप्तिस्मा." नवे पाळकही रुजू झाले होते. मग काय विचारता! दोनशे पत्रिका छापल्या. तीन मजली केक सांगितला. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला, लेसचा लांब पांढरा झगा पेटीतून निघाला, आणि तो पिवळट पडलेला असल्यामुळे साहजिकच बंबच्या पुढ्यात आला.

"हा नीट धुवून, कडक करून दे," अण्णा म्हणाले. "तिच्या बाप्तिस्म्याला घालायचाय."

"झगा देते करून," बंब म्हणाली. "पण बाप्तिस्मा झालाय तिचा."

मी तेव्हा ओट्यावर काहीतरी चिरत होते. सुरी हवेतच राहिली.

"तू पाणी लावलंस," अण्णा म्हणाले. "वेळ तशी होती, चांगलं केलंस. तो प्रथमोपचार. आता रीतसर व्हायला नको?"

"पट्टी बांधली नव्हती मी, अण्णा. बाप्तिस्मा केला. तो एकदाच होतो. हे तुम्हीच शिकवलंत."

"तो पाळकाने केलेला! तू काय पाळक आहेस?"

"पाळक नसेल तेव्हा कोणीही करावा, हेही तुम्हीच शिकवलंत. चर्चच्या वर्गात मला पुढच्या बाकावर बसवून."

हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. त्यांच्या रीतीत बाळ जायच्या बेतात असेल आणि पाळक हाताशी नसतील तर कोणत्याही विश्वासणाऱ्या माणसाने बाप्तिस्मा करावा. पाणी हवं आणि ठरलेले शब्द हवेत, बस्स. तेवढं झालं की तो पुरता झाला. पुन्हा करायचा नाही. पुन्हा केला तर पहिल्याला काहीच नव्हतं असं म्हटल्यासारखं होतं. बाळ जगलं तर चर्चमध्ये आणून सर्वांसमोर सांगायचं आणि मंडळीने ते मान्य करायचं.

अण्णांना हे सगळं तोंडपाठ होतं. म्हणूनच तर ते चिडले होते.

"कुठलं पाणी? केवढं पाणी?" त्यांनी विचारलं.

"औषधाच्या झाकणातलं. पाच मिलीच्या रेघेच्या थोडं वर."

"पाच मिली!" पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढं कमी माप त्यांनी पाहिलं नसावं. "आणि काय म्हणालीस? नाव काय घेतलंस? आपण तर तेव्हा नावसुद्धा ठरवलं नव्हतं."

"शेंग म्हणाले."

पलीकडे खुर्ची करकरली.

"शेंग?" अण्णा हळू आवाजात म्हणाले. "माझ्या नातीचा बाप्तिस्मा तू शेंग म्हणून केलास?"

"तिला सगळे तेच म्हणत होते. देवाला कळलं असेल कोण ते. त्या खोलीत दुसरी शेंग नव्हती."

मला हसू आवरेना, म्हणून मी मिक्सर लावला. रिकामाच.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी सूर बदलला. ओरडून बंब विझत नाही हे बेचाळीस वर्षांत त्यांना कळलं असावं. त्यांनी मार्ग काढला तो असा: बुधवारी नवे पाळक घरी येणार. बाप्तिस्म्याआधी आईबापांशी आणि बाळाच्या धर्मशिक्षणाची हमी घेणाऱ्या धर्ममातापित्यांशी बोलायची त्यांची पद्धत आहे. तेव्हा कोणी विचारलंच तर बंबने एवढंच म्हणायचं, की त्या गडबडीत कोणते शब्द बोलले ते नक्की आठवत नाही. शब्दांची खात्री नसली की पाळकांना बाप्तिस्मा करता येतो. चर्चमधलं बाप्तिस्म्याचं कुंड, पाणी, झगा, केक, सगळं सुरळीत.

"खोटं नाही सांगत मी बोलायला," अण्णा म्हणाले. "तुला तरी नक्की आठवतंय का? आठव बरं. चौदाव्या वर्षी भरल्या चर्चमध्ये काय झालं होतं?"

हा वार होता. मोठ्या झालेल्या मुलांना मंडळीत पक्कं करून घेतात, त्या दृढीकरणाच्या दिवशी तिला आणि बाकीच्या मुलांना उभं करून प्रश्नोत्तरीतले प्रश्न विचारले होते. तिला विचारला बाप्तिस्म्याचाच, आणि ती गप्प झाली. एक अक्षर फुटेना. अण्णा पंचांच्या बाकावर खाली मान घालून बसलेले. तिला आणखी एक वर्ष वर्गात काढावं लागलं, तिच्यापेक्षा लहान पोरांबरोबर.

बंब भांडी लावायला लागली. अण्णांना वाटलं, लागू पडलं. म्हणाले, "तूच हो धर्ममाता. तुझाच मान आहे तो."

"धर्ममाता व्हायला कोण नाही म्हणतंय?" बंब म्हणाली. "पण तिच्या डोक्यावर दुसऱ्यांदा पाणी घालताना मी शेजारी उभी राहणार नाही. बाहेर पायरीवर बसेन. आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की आत काय चाललंय."

बाप हटेना, लेक हटेना. भाऊ दोघांच्या मधे चष्मा पुसत उभा.

खरी अडचण अण्णा नव्हते. ती मंगळवारी संध्याकाळी गच्चीत कळली. मी कपडे काढायला गेले होते, बंब आणि तिची भावजय दोरीच्या पलीकडे. मधे माझीच चादर वाळत होती, म्हणून त्यांना मी दिसले नाही. खोकायला हवं होतं. नाही खोकले.

"ताई," भावजय म्हणाली, "मी अण्णांच्या बाजूची नाही. पण मी काही पाहिलंच नाही हो. ती जन्मली तेव्हा मी बेशुद्ध, ती जात होती तेव्हा मी झोपलेली, बाप्तिस्मा झाला तेव्हाही झोपलेली. माझ्या मुलीचं सगळं माझ्यामागे होऊन गेलं. मला एकदा बघायचंय. एवढंच. एका वाक्याने तुमचं काय जाणार आहे?"

बंब एरवी उत्तराला थांबत नाही. त्या दिवशी थांबली. मग म्हणाली, "मला काय हौस होती गं करायची? तू असतीस तर तुझ्या हातात झाकण दिलं असतं."

"मग?"

"मग मी आठवत नाही म्हटलं, तर त्या दुपारी मी काय केलं? पोरीच्या डोक्यावर पाणी सांडलं? ती गेली असती तर तुम्ही सगळ्यांनी म्हटलं असतं, बरं झालं, ताईने बाप्तिस्मा केला होता. अण्णांनी नोंदवहीत लिहिलंही असतं. मग ती जगली म्हणून तो खोटा कसा झाला?"

भावजय रडायला लागली. बंबने तिच्या हातातला कपड्यांचा ढीग काढून घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या घड्या घालायला लागली. मी चादरीआड अवघडून उभी, पायाला मुंग्या आल्या होत्या.

खाली आल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "अगं, एवढं कशाला झुरतेस? साक्षीदार पाहिजे ना शब्दांना? मी सांगते पाळकांना, मी ऐकले म्हणून. शब्द तेवढे शिकव."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चादर असते तर एका फेरीत गुळगुळीत झाले असते.

"तू काचेबाहेर होतीस. तू ऐकलं नाहीस."

"पण तू म्हणालीस तर होतीस ना!"

"मी म्हणाले ते मी सांगेन. तू पाहिलंस ते तू सांग. त्यांच्यासाठी खोटं बोलत नाही तर माझ्यासाठी तुला कशाला बोलू देऊ? आणि तुझं पदरचं घालणं सगळ्या गल्लीला माहीत आहे. तू साक्ष दिलीस तर खरंसुद्धा खोटं वाटेल."

राग यायला हवा होता मला. पण मुद्दा बिनतोड होता.

बुधवारी पाळक आले. तिशीचा, उंच, सायकलवरून येणारा, आल्याआल्या घोट्याजवळची पॅंटची क्लिप काढून खिशात ठेवणारा मुलगा. मी साखर मागायला गेले होते. माझ्या घरात साखर होती, ती गोष्ट वेगळी. अण्णांनी मला बसा म्हटलं नाही, मी बसले.

अण्णांनी फाइल उघडली. "बाळाचा जन्म अमुक तारखेचा. बाप्तिस्मा अद्याप झालेला नाही."

"झालाय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

पाळकांचा कप बशीवरून उचललेला तसाच राहिला. बंब हात पुसत बाहेर आली आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली. पाळकांनी कप ठेवला. त्यांना अर्ध्या मिनिटात सगळं समजलं असावं, कारण त्यांनी अण्णांकडे नाही, तिच्याकडे खुर्ची वळवली.

"कोणी केला?"

"मी."

"कशाने?"

"पाण्याने."

"कोण होतं तिथे?"

"सिस्टर आत. ही काचेबाहेर." माझ्याकडे बोट.

पाळकांनी मला विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

तुम्हाला सांगते, आयुष्यात एवढा आयता मंच मला कधी मिळाला नव्हता. "तीन वेळा पाणी घातलं," मी म्हटलं. "ओठ हलत होते. ऐकू काही आलं नाही." एवढंच बोलून मी गप्प बसले. अण्णांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"आता शब्द," पाळक म्हणाले. "बाई, इथे घाई नाही. खात्री नसेल तर तसं सांगा. त्यात कमीपणा नाही. खात्री नसली तर मी रविवारी तिचा बाप्तिस्मा करेन. खात्री असेल तर मला करता येणार नाही."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर. भावजयीचे तर फारच. अण्णा पुढे झुकले. "आठव नीट. गडबड होती. चौदाव्या वर्षी तर शांतपणे विचारलं होतं, तरी..."

"अण्णा," बंब म्हणाली, "त्या दिवसानंतर मी ते उत्तर रोज म्हणतेय. लॉन्ड्रीत लागल्यापासून तर रोलरवर. चादर आत गेली की सुरुवात, बाहेर आली की आमेन. एकवीस वर्षं. माझ्याबरोबरची बाई दुसऱ्या धर्माची, तिचंसुद्धा पाठ झालंय. आणि मला आठवत नाही म्हणता?"

मग तिने म्हटलं. आवाज चढवला नाही की पाडला नाही. "शेंग, मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन. पित्याच्या म्हणताना एकदा पाणी, पुत्राच्या म्हणताना एकदा, पवित्र आत्म्याच्या म्हणताना एकदा. झाकण रिकामं झालं. खात्री आहे."

पाळकांच्या ओठाचा कोपरा 'शेंग'पाशी हलला होता, पण त्यांनी सावरलं.

"नाव!" अण्णांना शेवटची फट सापडली. "ते नावच नाही. हे कसलं नाव?"

"नाव मागाहून हवं ते नोंदवा," पाळक म्हणाले. "बाळ तेच, पाणी खरं, शब्द पुरे. उद्या मी सिस्टरला भेटून येतो, ते माझं काम आहे. पण अण्णा, तिनेही हेच सांगितलं तर मी कुंडातलं पाणी या मुलीवर घालणार नाही. तुम्ही पंच आहात. मी घातलं तर तुम्ही मला थांबवायला हवं."

अण्णांनी फाइल मिटली.

पाळक दुसऱ्या दिवशी सायकल मारत इस्पितळात गेले. सिस्टर म्हणाली, तिच्या धर्मातले ते शब्द नव्हेत, त्यामुळे सगळे सांगता यायचे नाहीत, पण बाई तीनदा थांबली आणि तीनदा पाणी घातलं, हात मात्र अजिबात थरथरला नाही. पाळकांना तेवढं पुरलं.

अण्णा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. पण माणूस शिस्तीचा. पत्रिका अजून वाटायच्या होत्या आणि त्यांवर छापलं होतं 'बाप्तिस्मा'. चुकीच्या मजकुराची पत्रिका त्यांच्या हातून बाहेर जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी पट्टी घेतली, दोनशेच्या दोनशे पत्रिकांवर त्या शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'झालेल्या बाप्तिस्म्याची मंडळीसमोर मान्यता'. भाऊ मदतीला बसला तर म्हणाले, "तू नको. तुझ्यामुळेच झालंय हे." हे मात्र अगदी बरोबर बोलले.

झगा बंबने असा काही केला होता की लेसचं एकेक भोक मोजून घ्यावं. "झग्याशी माझं भांडण नाही," म्हणाली.

रविवारी मी शेवटच्या बाकावर नाही, पुढून तिसऱ्यावर बसले. मला ऐकायचं होतं. बंब आली ती लॉन्ड्रीच्या निळ्या गणवेशात. बाराला ड्यूटी होती. अण्णांनी पंचांच्या बाकावरून ते पाहिलं आणि दुसरीकडे नजर वळवली. दोनशे माणसांत कुजबुज चालू होती, त्यातली निम्मी माझ्या ओळखीची. "आत्याने केला म्हणे." "लॉन्ड्रीत?" "छे, वॉशिंग मशीनमध्ये नाही हो." मी मागे वळून त्या बाईला एक शब्द ऐकवणार होते, पण तेवढ्यात पाळकांनी बंबला पुढे बोलावलं.

ती कुंडाशेजारी उभी राहिली. भावजय बाळाला घेऊन समोर, भाऊ तिच्या खांद्यामागे. कुंडात त्या दिवशी पाणीच भरलेलं नव्हतं.

"या मुलीचा बाप्तिस्मा कोणी केला?"

"मी केला."

"कशाने?"

"पाण्याने."

"कोणत्या शब्दांनी?"

आणि ती गप्प झाली.

एक क्षण. दोन. मागे कोणीतरी खोकलं. अण्णांची मान खाली जाताना मला दिसली. माझी मूठ एवढी आवळली की बांगडी तळव्यात रुतली. मला वाटलं, झालं, चर्चने पुन्हा गिळली हिला. पण ती विसरली नव्हती. तिने नुसती दिशा बदलली. लोकांकडे पाठ केली, पाळकांकडेही खांदा केला आणि सरळ भावजयीसमोर उभी राहिली. मग बोलली, तीन रेघांचा तो उजवा हात पुढे करून, तळघरातल्या यंत्रांच्या आवाजावर जो आवाज चढवते त्या आवाजात. शेंगपासून आमेनपर्यंत.

कोणीतरी 'शेंग'ला हसलं. बंबने मागे वळून पाहिलं आणि हसणं थांबलं.

पाळक पुढचं वाचणार, एवढ्यात भावजय म्हणाली, "थांबा. ताई, पुन्हा सांगा. सगळं. हात कसा घातलात तेही."

अण्णा उठून उभे राहिले. "असं पुस्तकात नाही. उत्तर एकदाच..."

"पाणी एकदाच," बंब म्हणाली. "सांगायला कितीदाही सांगेन."

पाळकांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. आणि तिने सांगितलं. कसे हात धुतले, भोक कुठे होतं, पेटीत किती ऊब होती, टाळूवरचे केस कसे ओले होऊन चिकटले, पोरीने तिसऱ्या वेळेला कसं नाक आक्रसलं. मग पुन्हा शब्द. भावजय एकेक ऐकत होती आणि बाळाच्या टाळूकडे बघत होती, आत्ताच तिथे पाणी पडत असल्यासारखी. केक बाहेर वाट बघत होता आणि मला त्याची आठवणही नव्हती. एवढं सांगितलं म्हणजे तुम्हाला पटेल.

मग पाळकांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, मंडळीला विचारलं की हा बाप्तिस्मा तुम्ही मान्य करता का, आणि मंडळीने एका आवाजात होकार दिला. अण्णांचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही, म्हणून त्यांनी काय म्हटलं ते मी सांगणार नाही.

उपासना संपल्यावर मागच्या छोट्या खोलीत नोंदवही उघडली गेली. मी साक्षीदार, मला सही करायची होती, म्हणून हक्काने आत. अण्णा टेबलाशी बसले, चष्मा लावला, पेनाचं टोपण मागे बसवलं. तारीख लिहिली, इस्पितळातल्या त्या दुपारची. मुलीचं नाव लिहिलं, ठरवलेलं, मोठं. थोडं थांबून पुढे 'शेंग' लिहिलं. मग 'बाप्तिस्मा कोणी केला' हा रकाना आला. वर पानभर पाळकांची नावं, प्रत्येकापुढे 'रेव्हरंड'. अण्णांनी त्या ओळीत लेकीचं नाव लिहिलं. पेन पुढच्या चौकोनावर थांबलं.

"हुद्दा," ते मान वर न करता म्हणाले. "काय लिहू? आत्या लिहितो."

"आत्या हा हुद्दा नाही, अण्णा."

"मग?"

"लॉन्ड्री कामगार," बंब म्हणाली. भिंतीवरचं घड्याळ पावणेबारा दाखवत होतं, ती एप्रनचे बंद मागे बांधत होती. "पूर्ण लिहा. जागा आहे."

अण्णांनी पूर्ण लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही मिटली नाही. ती तोवर थांबली नाही, ड्यूटीला गेली.